जाताना जीप, येताना पायी

सत्यवतीबाई आमच्या गावची सुईण. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातची. नवरा लवकर गेला, स्वतःचं मूल नाही, पण आसपासच्या गावांतली पोरं तिला मोठी माय म्हणत. पूजाअर्चा मीही करते, एकादशी धरते. म्हणूनच तो दिवस आठवला की माझं डोकं तापतं.

अठ्ठ्याहत्तरचा श्रावण. पाऊस धरून बसला होता. करडी गावचे व्यापारी गोपीचंद सेठ सकाळीच जीप घेऊन तिच्या दारात आले. त्यांची सून चंद्रकला कालपासून अडली होती. "माय, पाया पडतो तुमच्या, बसा लवकर," म्हणत त्यांनी स्वतः छत्री धरून तिला समोरच्या सीटवर बसवलं.

आमच्याकडून करडीला जाणारा तो रस्ता भोसल्यांच्या वेळचा, असं म्हातारे सांगत. दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडं, मध्ये एक दगडी विहीर, बाकी सगळा चिखल. धानाच्या बांध्या भरून पाणी रस्त्यावर आलेलं. सेठ ड्रायव्हरला सारखे म्हणत होते, "हळू रे धनीराम, मायले हिसके बसून राहिले."

दुपारी चंद्रकला मोकळी झाली. मुलगा झाला, दोघंही सुखरूप. सत्यवतीबाई हातपाय धुऊन अंगणात आली, तर सेठ व्याह्यांना बातमी द्यायला निघालेच होते. वाट आमच्याच गावावरून. ती जीपमध्ये चढू लागली.

"तू कशी बसशील वं? विटाळ हाय तुले. समोर देवाचा फोटो हाय."

सकाळची माय दुपारी 'तू' झाली.

"मंग मी जाऊ कशी?"

"पायी जा न. पाऊस कमी होऊन राहिला."

पाऊस कमी-बिमी काही झाला नव्हता. जीप गेली. साठीची बाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चालत निघाली. पुढचं मला धनीरामनंच सांगितलं.

विहिरीच्या पुढे, नाल्याच्या उतारात जीप रुतली. सेठ धोतर वर खोचून मागून ढकलत होते. सत्यवतीबाई मागून येताना दिसली तसे म्हणाले, "बरं झालं आली. लाव जरा हात."

"बसाले विटाळ, अन् ढकलाले नाई का?"

धनीराम तोंड फिरवून हसला. सेठांनी थोडा विचार केला, आणि काय केलं असेल? देवाचा फोटो काढून रुमालात गुंडाळला आणि चिंचेच्या ढोलीत नेऊन ठेवला. "घे. आता ढकल, अन् मंग बस मागं."

देवाला पावसात उतरवलं, पण आपला हट्ट उतरवला नाही. आणि हा माणूस गावात धार्मिक म्हणून मिरवायचा.

सत्यवतीबाई म्हणाली, "सकाळीबी देव तिथंच होता सेठ. तवा तं काई म्हटलं नाई त्यानं."

ती ढोलीपाशी गेली. फोटो बाहेर काढला, पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि जीपमध्ये जिथल्या तिथं ठेवला. सेठ "अव, अव" करत उभे राहिले. तिचा हात धरून अडवावं, तर तिचा विटाळ लागला असता.

मग ती चिखलातून गावाकडे निघाली. जीप ओढायला कोणी बैलजोडी आणेपर्यंत सेठ तिथंच भिजत उभे होते.