पेढे वाटले, आणि बोट वाकेना

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फिजिओच्या मॅडमनी आमच्या परीचा हात हातात घेतला, तेव्हापासून हे किस्से साठत गेले. नाशिकच्या त्या दवाखान्यातल्या बाकावर बसलं की रोज एखादा मिळतोच.

परी सहा वर्षांची. हात मोडला, प्लास्टर घट्ट झालं, बोटं सुजली. ती रडायची, मी गोष्टी सांगून गप्प करायचे. प्लास्टर निघालं तर बोटं ताठ. मॅडमनी बोटाच्या मुळाचा सांधा सरळ धरला आणि मधला वाकवून पाहिला. वाकेना. मूळ वाकवलं, तर मधलाही सहज वाकला. म्हणाल्या, "हातातले बारीक स्नायू आखडलेत. महिनाभर व्यायाम करू. नाहीच सुटले तर ऑपरेशन."

मला फक्त ऑपरेशन ऐकू आलं.

*

बाकावर एकलहऱ्याचे काका असायचे, वीज केंद्रातून रिटायर झालेले. मॅडमचं बघून तेही येईल त्याचं बोट तपासायचे. एकदा नव्या डॉक्टरांचंच धरलं.

"साहेब, तुमचं मोकळं हाय. जा घरी."

*

बाकावरच्या येवल्याच्या मावशी पैठणी विणतात; त्यांचीही बोटं आखडलेली. मॅडमनी विचारलं, "व्यायाम करता ना घरी?"

"करते की. मागावर दिवसभर बोटंच चालतात."

"तसं नाही. दुसऱ्या हातानं मूळ सरळ धरून करायचं."

"मग बाई, धागा कोण धरील?"

*

पंधराव्या दिवशी घरी परीची मूठ वळली. मी लगेच पेढे घेतले आणि बाकावर वाटले. काकांनी पेढा तोंडात टाकला, परीच्या बोटाचं मूळ सरळ धरलं, मधला सांधा दाबला. हललाच नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तू मूळ वाकवून बघत होतीस. तसं तर पहिल्या दिवशीपण वाकत होतं."

मला रडू फुटलं.

मग मावशींनी हात पुढे केला. "पेढा चांगलाय गं. अजून एक दे."

*

महिना भरला. मॅडमनी मूळ सरळ धरलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

"आई, बघ ना."

"तूच सांग."

"वाकलं."

मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशन विसरा आता."

परी म्हणाली, "आई, आता माझा फ्रॉक सोड."

प्लास्टरमध्ये बोटं सुजली आणि लेकरू रडत असलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तुमच्या ओळखीतल्या आयांना एवढं नक्की सांगा.