डोंगराला उजवीकडे ठेवून

आमच्या गावामागचा डोंगर तसा मोठा नाही. वर देवळापर्यंत गाडी जाते, आणि देवळापासून निघून कड्याखालून फिरून परत देवळाशी येणारी पायवाट जेमतेम तीन किलोमीटरची आहे. अलीकडे पुण्याच्या ट्रेकवाल्यांना तिचा शोध लागला, तेव्हापासून तिथल्या दगडांवर पिवळे बाण आले आहेत. छोटी पण खडतर वाट, असं ते लिहितात आणि खाली सूर्योदयाचे फोटो टाकतात. सत्तरी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघे झिजलेल्या बाईने ती करावी, असं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

ती बाई म्हणजे माझी आई. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मी मिरजेच्या दवाखान्यातून मोठ्या मिनतवारीने मिळवली होती. आधीच्या दोन तारखा तिने उडवल्या होत्या, एक पुतण्याच्या लग्नापायी आणि एक म्हसवडच्या यात्रेपायी. या वेळी सोमवार ठरला होता. आणि आदल्या आठवड्यात फोनवर तिने पुन्हा तोच सूर लावला, की हल्ली गुडघे बरे आहेत, उगाच कशाला कापाकापी. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, एवढे बरे असतील तर डोंगराला एक फेरी घालून दाखव, मी ऑपरेशन रद्द करते. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी तिला न्यायला मी सांगलीहून गाडी घेऊन गेले, तर ही पदर खोचून, काठी घेऊन ओट्यावर तयार. दवाखान्याची पिशवी भरायची राहिली होती, पण दशम्या बांधून झाल्या होत्या. मी सगळं करून पाहिलं. समजावलं, चिडले, ते मी रागात बोलले होते असंही सांगितलं. ती गाडीत जाऊन बसली.

देवळाशी तिने चपला काढल्या. फेरीला पायात चामडं चालत नाही म्हणे. दिवाळी होऊन गेली होती, गवत वाळून कुसळं सुटली होती, आणि ही अनवाणी निघाली होती. बरीच हुज्जत घातल्यावर माझे मोजे घालायला राजी झाली. त्यातही उपकार केल्यासारखा चेहरा.

पुढचा घोळ बाणांचा. बाण डोंगर डावीकडे ठेवून फिरवतात. त्यामागे काही विचार आहे, कारण वाटेत दगडांची एक घळ लागते, आणि बाणांप्रमाणे गेलं तर ती चढावी लागते. उलट गेलं तर उतरावी लागते, आणि उतार हाच तर झिजल्या गुडघ्यांचा वैरी. हे मी तिला हातवारे करून सांगितलं. तिने बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ उलट्या दिशेला काठी टेकली. प्रदक्षिणा घालताना देवाला डाव्या हाताला ठेवतात का, एवढंच तिने विचारलं. मी तिचा दंड धरला आणि बाणांकडे पाठ करून निघाले.

त्यामुळे झालं असं की समोरून येणारा प्रत्येक घोळका आम्हाला रस्ता चुकल्याचं सांगू लागला. काकू, वाट तिकडून आहे. मावशी, बाण बघा ना. मी प्रत्येकाला हसून मान डोलावत होते आणि आतून धुमसत होते. शेवटी आई एका घोळक्याला म्हणाली, की उलटं तुम्ही चालला आहात. त्या पोरांना ते एवढं आवडलं की त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. तिनेही पदर सारखा करून काढू दिले. मी काठी धरून उभी.

खाली शाळवाची कोवळी वावरं, डाळिंबाच्या बागा, तळ्याचं चकाकतं पाणी आणि पलीकडच्या धारेवर पवनचक्क्या असं फार सुंदर दृश्य होतं. हे मी नंतर कुणाच्या तरी फोटोत पाहून सांगते आहे. मी सबंध वाटेत तिच्या पावलांखेरीज काही पाहिलं नाही. ती पडू नये म्हणून दंड घट्ट धरायचा, आणि तिने थकून नाद सोडावा म्हणून मनात देवाला विनवायचं, असा माझा दुहेरी उद्योग चालला होता. ती पडली तर सगळंच संपलं, आणि नाही पडली तर ऑपरेशन रद्द. देवाने तरी त्यात काय करावं.

घळीशी आलो आणि ती थांबली. खाली वाकून पाहिलं. मला आशा वाटली. मी म्हणाले, झालं तेवढं पुष्कळ झालं, माघारी जाऊ.

"अर्ध्या फेरीतनं माघारी फिरत न्हाईत," ती म्हणाली आणि दगडावर बसली.

मग तशीच बसून, घसरत, ती घळ उतरली. मी खालच्या बाजूला उभी राहून तिचा एकेक पाय हाताने धरून दगडावर टेकवत होते. ती कण्हत होती, पण दातांआड. उजवा गुडघा तोवर टम्म सुजला होता. मला रडू येत होतं, आणि मी तिला ओरडत होते, नीट बघ, घाई नको, काठी सोड, काठी धर. काय बोलत होते ते माझं मलाच कळत नव्हतं.

दुपार कलल्यावर देऊळ आलं. तिने घंटा वाजवली, नमस्कार केला आणि पायरीवर बसकण मारली. मी शब्दाची पक्की. तिच्यादेखत फोन काढला आणि दवाखान्याचा नंबर शोधू लागले.

कुणाला फोन लावतेस, असं तिने विचारलं. मी म्हणाले, रद्द करते, जिंकलीस तू.

"रद्द कशाला? सोमवारी जायचं हाय न्हवं?"

मी फोन खाली ठेवला. मग हे सगळं कशासाठी, असं विचारलं, तेव्हा ती पाय चोळत सांगू लागली. या गावात लग्न होऊन आलेल्या जोडप्याने डोंगराला एक फेरी घालायची असते. वडील फौजेत. दर सुट्टीत पुढच्या सुट्टीला घालू म्हणायचे. सुट्ट्या संपल्या, मग नोकरी संपली, आणि मग तेही गेले. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

"भूल दिल्यावर माणूस उठतंयच असं न्हाई," ती म्हणाली. "न्हाई उठले, तर वर गेल्यावर त्यो पयलं त्येच इचारंल. काय सांगायचं म्या?"

मी तिच्यावर ओरडले, की तू उठणार आहेस, हल्ली कुणाला काही होत नाही. देवळातली माणसं वळून बघू लागली, एवढा आवाज चढला. तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"आता न्हाई उठले तरी चालतंय," ती म्हणाली.

मला चालणार नव्हतं. इतका राग मला तिचा कधीच आला नव्हता, आणि मी तिच्या पायातल्या मोज्यांची कुसळं एकेक करून उपटू लागले.