दरीतून परत आणली

मी बायकोला एकदा डोंगरातल्या दरीत घेऊन गेलो होतो आणि चार दिवसांनी परत आणली. परत आणली हीच चूक. ती गेल्याला आता आठ महिने झाले. माझी शाळा चौथीपर्यंत. नीट लिहिता येईल असं नाही. पण तोंडाने सांगायला गेलो तर लोक मध्येच म्हणतात, "जाऊ द्या काका, आता काय त्याचं." म्हणून कागदावर.

तेव्हा मी रे रोडला एका गॅरेजात मेकॅनिक होतो. लाकडाच्या वखारींच्या मागे पत्र्याची शेड. लढाईनंतर मिलिटरीच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या होत्या, त्या भंगार होऊन आमच्याकडे यायच्या. एकीचं इंजिन, दुसरीची चेसी, तिसरीचे गिअर, असं करून आम्ही तिनाची एक उभी करायचो. हलकी गाडी. चार माणसांनी एका बाजूने धरली तर उचलली जायची. पुढची चाकंसुद्धा इंजिनावर चालवायला एक वेगळा लहान दांडा असायचा. मी शेकडो वेळा तो दांडा खोलून बसवला होता, पण वापरला कधीच नव्हता. मुंबईच्या डांबरावर त्याची गरज काय?

आम्ही राहायचो लालबागला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. बायको गिरणीत, वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. कामावरून आली की जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबून कुणाशी तरी बोलायची, दुसऱ्या मजल्यावर पुन्हा कुणाशी तरी. मला वर्षभर वाटत होतं, हिला बोलायची हौस आहे. ती दम घेत होती. परळच्या इस्पितळात नेली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाला, टीबी नाही. कापसाची बारीक धूळ छातीत बसली आहे. हिला यातून बाहेर काढा.

मी म्हटलं, "बाहेर म्हणजे कुठे?"

"जिथे गिरणी नाही तिथे."

मी मनात म्हटलं, शहाणा आहे. जिथे गिरणी नाही तिथे खायचं काय ते नाही सांगितलं.

दिवाळीनंतर गॅरेजात एक इंजिनियर साहेब आला. धरण बांधायचं की नाही हे बघायला डोंगरात एका दरीत तंबू टाकून बसला होता. तिथे साधी गाडी जात नव्हती. त्याने आमची जीप घेतली आणि म्हणाला, गाडी तुम्हीच पोचवा, आमच्या ड्रायव्हरला शिकवा, चार दिवस राहा. मी डोकं खाजवत म्हटलं, साहेब, बायकोला आणली तर चालेल? तिला हवा बदलायची आहे. तो म्हणाला, तंबू रिकामा आहे, आणा.

तिने खात्यात रजा टाकली. जीपमध्ये बसताना वरचं कापडाचं टप, बाजूला दार नाही, हे बघून म्हणाली, "ह्या तुमचा विमान खंय उतरतला?"

मी म्हटलं, "बस गो गप. पडलीस तर मागची गाडी उचलून आणील."

"मागे गाडी नाय. मागे खड्डो आसा," ती म्हणाली आणि पदर कमरेला खोचून बसली.

घाट चढेपर्यंत मी राजा होतो. डांबर संपलं, लाल माती लागली, मग माती संपली आणि नुसते गोल दगड. जीप चेंडूसारखी उडायला लागली. बायकोचं डोकं वरच्या लोखंडी कमानीवर दोनदा आपटलं. मी गाडीला शिव्या देत होतो आणि चूक माझी होती. मुंबईत आम्ही टायरात हवा कडक भरायचो, कडक म्हणजे चांगली, एवढंच आम्हाला ठाऊक. मिलिटरीतून सुटलेला एक ड्रायव्हर गॅरेजात यायचा, तो सांगायचा, दगडावर हवा नरम करायची, टायर दगडाला धरून चालतो. आम्ही त्याला हसायचो. त्या दिवशी मी खाली उतरलो, चारही चाकांची हवा अर्धी सोडली, लहान दांडा ओढला आणि पहिला गिअर टाकला. मग ती गाडी जशी चालली तशी मी तोवर बघितली नव्हती. पालीसारखी. एकेक दगड हाताने चाचपून चढावं तशी.

खाली उतरल्यावर नदी आडवी आली. पाणी गुडघ्याच्या वर. इथे मात्र मी डोकं चालवलं. पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे पंखा पाणी इंजिनावर उडवणार नाही. पुढे जाळीवर गोणपाट बांधलं. स्पार्कच्या डबीवर ग्रीस थापलं. बायको काठावर उभी राहून बघत होती.

"तुमका ह्या सगळा येता?" तिने विचारलं. नवल होतं तिच्या तोंडावर. तीन वर्षांत माझं काम तिने पहिल्यांदा बघितलं. मी तिचं खातं कधीच बघितलं नव्हतं.

हळू, न थांबता, गाडी पार गेली.

दरी म्हणजे तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट गवत. सहा तंबू. एक आचारी, सात-आठ मोजणीदार, साहेब, आणि त्यांचा ड्रायव्हर. तो आयुष्यभर लॉरी चालवलेला माणूस. दुसऱ्या दिवशी मी त्याला शिकवायला बसवला. नदीच्या आधी म्हटलं, पट्टा काढ, हळू घे. तो म्हणाला, "मला नको सांगू रे, बारा चाकी हाकलीय मी." आणि जोरात घातली. मधोमध इंजिन पाणी पिऊन बंद. आम्ही सगळ्यांनी बैल लावल्यासारखी दोरांनी ओढून काढली. आचारी काठावरून ओरडत होता, "लॉरीवाले, मासे किती गावले?"

बायको पहिला दिवस तंबूत पडून होती. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याकडे भाकऱ्या थापायला बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जीपखाली पडून इंजिनातलं पाणी मिसळलेलं ऑइल काढत होतो. तिचे पाय दिसले. शेजारी भरलेली घागर टेकवली. झरा खाली होता, चांगला चढ होता.

"बघलात?" ती म्हणाली.

"काय बघायचं?"

"थंयसून चलत इलंय. भरलेली घागर. एकदा पण थांबूक नाय."

मी खालून बघितलं. ती धापा टाकत नव्हती. गालाला रंग होता. मला पटकन हसू आलं नाही, रडू आलं, म्हणून मी ऑइलकडे बघत राहिलो.

त्याच दुपारी साहेबाने मला बोलावलं. चांगला माणूस. म्हणाला, "अहो, तुम्हीच का राहत नाही इथं? हा लॉरीवाला गाडी बुडवणार. इथलं काम दोन-तीन वर्षं चालेल, पुढे धरण झालं तर कायमची नोकरी. तंबू आत्ता, मग पक्की खोली. आणि तुमच्या मंडळींना इथं मानवलेलंही दिसतंय."

ती तंबूच्या दोरीवर धुणं घालत होती. तिने ऐकलं. संध्याकाळी चुलीपाशी तिने एवढंच म्हटलं, "तेका हो म्हणा."

मी चुलीत लाकूड सारलं.

"माका हंय बरा वाटता. तुमका दिसता ना? मग हो म्हणा."

आता मी का नाही म्हटलं ते सांगतो. त्या दिवसांत मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, वेगळी काढायची, असं चाललं होतं. गिरणगाव पेटला होता. गोळीबार झाला, त्यात आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा गेला. लग्न ठरलेलं होतं त्याचं. त्यानंतर महिनाभराने चाळीतले सगळे कर्ते पुरुष खाली चौकात जमले. पैसेवाले लोक खोल्या घेतायत, आपली माणसं एकेक करून बाहेर जातायत, मग मुंबई आपली म्हणून सांगायला उरणार कोण, असं बोलणं झालं. शपथ घ्यायची ठरली. मुंबई मिळेपर्यंत या चाळीतली खोली कुणी सोडायची नाही. त्या गेलेल्या मुलाच्या आईने नारळाला कुंकू लावलं आणि एकेकाच्या हातात दिला. माझ्या हातात देताना तिचे हात गार होते. मी नारळ कपाळाला लावला.

हे मी बायकोला सांगितलं. तिला ठाऊकच होतं, गॅलरीतून तिने बघितलं होतं.

ती म्हणाली, "नारळ तुमी उचललात. मी नाय."

"मग त्या म्हातारीला तोंड काय दाखवू?"

"तिका तोंड दाखवूक आपण थंय असतलंव खंय?"

मला राग आला. मी म्हटलं, "पोरगा गेला तिचा, आणि तू हवा खात बसणार?"

हे बोललो. तिने तव्यावरची भाकरी उलटली, ती करपली होती, तीच तिने स्वतःला घेतली.

सकाळी मी साहेबाला नाही म्हणून सांगितलं. त्याने दोनदा विचारलं. मी छाती काढून म्हटलं, "साहेब, मुंबई सोडता येणार नाही." मला वाटलं, त्याला माझा अभिमान वाटेल. तो म्हणाला, "बरं," आणि नकाशाकडे वळला.

जाताना डांबर लागेपर्यंत जीपने आणलं, तिथून मोजणीदारांच्या सामानाच्या लॉरीने आम्हाला सोडलं. ती मागे पेट्यांवर बसली होती, दरीकडे तोंड करून. मी पुढे ड्रायव्हरपाशी. बुधवारी घरी पोचलो, गुरुवारी ती खात्यात गेली.

मग तीन-चार वर्षांनी मुंबई मिळाली. लालबागला रोषणाई, ढोल, गुलाल, माणूस माणसाला ओळखेना. चाळीत नारळ फोडला, प्रसाद वाटला. मीही नाचलो. खोटं का सांगू, त्या दिवशी मला वाटलं, माझ्यामुळेपण मिळाली. वर आलो तर ती फटाक्यांच्या धुराने खोकत भिंतीला टेकून बसलेली. मी म्हटलं, "आता शपथ सुटली. त्या साहेबाला कळवू का? जायचं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कसं विचारलं ते तिला कळलं होतं. मोठा मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता, गॅरेजात माझा जम बसला होता, खोलीत नवीन फळ्या मारल्या होत्या. मला नको होतं. मी नकारच मागत होतो.

"नको," ती म्हणाली. "आता ऱ्हवांदे."

मला सुटल्यासारखं झालं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नव्हती.

पुढे तिची छाती कधी सुधारली नाही. गिरणीचं काम तिने आणखी अकरा वर्षं केलं. जिना चढताना आता बोलायचं सोंगही करायची नाही, सरळ पायरीवर बसायची. जी मुलं जिन्यात खेळायची ती बाजूला व्हायची, त्यांना सवय झाली होती. गादीवर आडवी झोपता यायची नाही, उशा लावून बसल्या बसल्या झोपायची. दरीचं नाव तिने काढलं नाही. भांडणातसुद्धा नाही. मी वाट बघायचो, एकदा काढील, शिव्या घालील, म्हणजे मला काहीतरी म्हणता येईल. नाही काढलं.

आणि शपथ म्हणावी तर आमच्यासोबत नारळ उचललेले दोघे जण मुंबई मिळायच्या आधीच डोंबिवलीला राहायला गेले. एकाच्या आईला संधिवात होता, जिना होत नव्हता. दुसऱ्याला जागा मोठी हवी होती. त्यांना कुणी काही बोललं नाही. टेंपोत सामान चढवायला चाळीतलेच लोक गेले. मीसुद्धा गेलो, एकाची कपाटं उतरवायला.

सगळ्यात वाईट ते पुढेच. त्या गेलेल्या मुलाची आई पुष्कळ जगली. एकदा गणपतीत, दहा-बारा वर्षांनी, बायको जिन्यात बसलेली बघून ती मला म्हणाली, "हिका जरा गावाक तरी धाड रे, हवा बदलूक." मी बोलून गेलो, की अशी एक जागा चालून आली होती, पण तुमच्या हातचा नारळ उचलला होता, म्हणून सोडली. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल, माझ्या डोक्यावर हात ठेवील.

ती म्हणाली, "मेल्या, माका एकदा इचारलंस तरी?"

एवढंच. मग म्हणाली, "मी तुमका दोघांकय तेव्हाच धाडलंय असतंय," आणि आरतीला गेली.

विचारलं नव्हतं. साहेबाला नाही म्हणण्याआधी थोडे दिवस मागितले असते, म्हातारीला एक पत्र टाकलं असतं, तर झालं असतं. मला विचारायचं नव्हतं, कारण म्हातारी हो म्हणाली असती. शपथ मला सोयीची होती. चाळ, नाका, गॅरेज, संध्याकाळचा चहा, मोर्च्यात खांद्यावर पडलेले हात, हे मला सोडवत नव्हतं. त्याला मी मुंबई म्हणत होतो.

शेवटी परळच्याच इस्पितळात गेली. नाकावर मास्क होता. बोलणं होत नव्हतं. मी कानाशी जाऊन म्हटलं, "माझं चुकलं गो." तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही. डोळे उघडे होते, पण ते पंधरा दिवस उघडेच होते. नर्सने मला बाजूला केलं, तिला मशीन बघायचं होतं.

तेराव्याला चाळीतल्या सगळ्यांना जेवण केलं. कमिटीचा एक तरुण माणूस पंगतीत उभा राहिला आणि म्हणाला, मुंबईसाठी शपथ घेतलेल्या पिढीतली ही माउली, हिने चाळ सोडली नाही, एकाच खोलीत सगळा संसार केला, असं आता कोण करतं? लोकांनी माना हलवल्या. एकीने डोळे पुसले.

मी बटाट्याच्या भाजीचं भांडं घेऊन उभा होतो. सगळे माझ्याकडे बघत होते, मी काही बोलेन म्हणून. मी पुढच्या पानावर भाजी वाढली.