भाव न करणारं गिऱ्हाईक

देवबागात माझ्या धाकट्या बहिणीचं होमस्टे आहे. चार खोल्या, पुढे समुद्र, मागे खाडी, आणि मधे ती स्वतः, जिचा आवाज दोन्हीकडे पोचतो. मी मालवणात राहते. शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांच्या फोनांची डॉक्टरीण झाले आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. कोणाचा पासवर्ड हरवला की मी, कोणाच्या फोनातली जागा संपली की मीच. बहिणीचा फोन आला की मी आधीच वैतागून "आता काय बिघडला?" असं विचारते.

त्या सकाळी काही बिघडलं नव्हतं. ती खुशीत होती. "ताई, नाताळाचो आख्खो आठवडो घर भरला. पुण्याची कंपनी आसा. मेल इलो." आणि मग मिठाचा पुडा आणायला सांगावा इतक्या सहज म्हणाली, "नोंदणीचे पैशे तेवढे आज दुपारपर्यंत आपण तेंका पाठवूचे आसत. मगे सगळा भाडा एकदम येतला."

येणाऱ्या पाहुण्यांना आपणच पैसे पाठवायचे? माझ्या डोक्यात तिडीक गेली. "थांब, एक पैसो पाठव नको, मी येतंय," मी म्हटलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी कौल लावलंय. देवीन उजवो दिल्यान."

इथे माझी खरी पंचाईत झाली. आमच्याकडे एखादी गोष्ट ठरत नसली की देवळात कौल लावतात. मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली की देवीचा होकार. विहीर कुठे खणायची, बोट घ्यायची की नाही, सगळं असंच ठरतं. माझं लग्नही असंच ठरलं होतं आणि ते बरं चाललं आहे, म्हणून कौलाविरुद्ध मी तोंड उघडत नाही. पण आता मेल खोटा निघाला तर देवी खोटी पडणार, आणि ते सिद्ध करणारी मी. आणि गप्प बसले तर हिचे पैसे जाणारच, वर नाताळचा आठवडाही जाणार, कारण दुसऱ्या कोणाला खोल्या देऊ नका असं त्या लोकांनी बजावलं होतं. तिचं सगळं वर्ष त्या एका आठवड्यावर उभं असतं. मांडीवर लॅपटॉप घेऊन देवबागला जायला रिक्षाने तारकर्लीच्या रस्त्याला लागले, तेव्हा मला चक्क भीती वाटत होती.

पडवीत बसून मी मेल उघडला. वर कंपनीचं नाव, चिन्ह, खाली साहेबांची सही, सगळं कसं झकपक. "बघ," बहीण म्हणाली, "आणि तेंनी भाव पण केल्यानी. दोनदा कमी करून घेतल्यानी." घासाघीस करील तेच खरं गिऱ्हाईक, हा तिचा जुना सिद्धांत आहे.

"बाजारात बांगडो घेताना तू काय करतस?" मी विचारलं.

"कल्लो उघडून बघतंय, लाल आसा काय."

"मगे ह्येचो पण उघडूया."

मोबाइलच्या ॲपमध्ये हे दिसत नाही म्हणून तर मी लॅपटॉप वागवत आणला होता. कोपऱ्यातली तीन टिंबं दाबून मेलचं मूळ रूप उघडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा नुसता काला. हेच हेडर. पूर्वी पाकिटावर टपालाचे शिक्के असत ना, तसे हे मेलचे शिक्के. वाटेतलं प्रत्येक यंत्र आपला शिक्का आधीच्या शिक्क्याच्या वर मारतं, म्हणून प्रवास वाचायचा तो खालून वर. पाठवणाऱ्याचं नाव म्हणून कोणीही काहीही लिहू शकतो. मी उद्या जिल्हाधिकारी म्हणून लिहीन. पण आपल्या मेलसेवेने स्वतः मारलेला शिक्का त्याला पुसता येत नाही. तिथे साफ लिहिलं होतं, की या कंपनीच्या नावाने मेल पाठवायची ह्या यंत्राला परवानगी नाही. तपासण्या तीन, तिन्हींत नापास. आपण दिलेलं उत्तरही कंपनीकडे जाणार नव्हतं, तर कुठल्याशा फुकटच्या खात्यावर. हेडर काही माणसाचं नावगाव सांगत नाही, पण हा माणूस तो नव्हे एवढं छातीठोक सांगतं. तरी खात्री म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून फोन लावला. त्यांना देवबाग कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.

बहिणीने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मग म्हणाली, "म्हणजे देवीन खोटा सांगल्यान?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं. काहीतरी करायचं म्हणून मी तिचा स्पॅमचा कप्पा उघडून बसले. त्यात एक टायपिंगच्या चुकांनी भरलेला मराठी मेल होता. तिने स्वतःच तिथे ढकललेला.

"तो फसवो आसा," ती नाक ओढत म्हणाली. "नाताळाक आख्खा घर होया म्हणता, आणि भाव तुम्ही म्हणशाल तो. असला गिरायक आसता काय खंय?"

मेल कोणा सुनेने लिहिला होता. सासरे देवबागात जन्मले, लहानपणीच गाव सुटलं, आता वय झालंय. एकदा समुद्र आणि खाडी दोन्हींचा आवाज ऐकत झोपायचं म्हणतात. मी त्याचाही कल्ला उघडला. तिन्ही तपासण्या पास, उत्तराचा पत्ता तोच. पण पास झालं म्हणजे माणूस सज्जन असं नव्हे; लबाडाचंही स्वतःचं खातं असू शकतं. म्हणून खालचा नंबर लावला आणि फोन बहिणीच्या हातात दिला.

पलीकडून थकलेला पण खणखणीत आवाज आला, "कोण गो तू? खंयच्या घरातली?"

बहिणीने आपली वाडी सांगितली. मग घर, विहीर, कोणाचे माड, कोण कोणाची आते, असं जे सुरू झालं ते संपेचना. शेवटी "नाताळाक येवा" म्हणून तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "देवीक मी काय विचारलंय? नाताळाक घर भरतला मां? भरतला म्हणान सांगल्यान. कोण येतलो ता मी विचारूकच नाय."

मी तो मेल स्पॅममधून काढून वरच्या कप्प्यात ठेवला.

तरी नाताळपर्यंत तिला चैन नव्हती. देवीवर विश्वास होता, हेडरवरही बसला होता, पण भाव न करणारं गिऱ्हाईक तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तो मेल तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला.

मंडळी आली तेव्हा मी तिथेच होते, लॅपटॉपवर तोच मेल उघडून. आजोबा काठी टेकत आधी मागे खाडीपाशी गेले. परत येऊन पडवीत टेकले, पेलाभर सोलकढी प्यायले, आणि मिशी पुसत म्हणाले, "आता भाव सांग. आणि नीट सांग, मी पावणो नाय, हयचोच आसंय."

सून ओशाळली. "बाबा, आपण लिहिलं होतं ना, त्या म्हणतील तो भाव?"

"मेलात नाय केलंय," आजोबा म्हणाले. "समोर बसान पण भाव करूचो नाय, तर मगे गावाक इलंय कित्याक?"

बहिणीचा चेहरा असा खुलला की काय सांगू. पदर खोचून ती समोर बसली आणि दोघं कडाकडा भांडली, चहा पार निवेपर्यंत. शेवटी त्यांनी मागितला त्याच्याही खाली ती आपणहून उतरली. मग आत आली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "ताई, तो लॅपटॉप बंद कर आता."