चार टबांना एकच पाणी

माझ्यामुळे गांजाच्या तीन रांगा पिवळ्या पडल्या होत्या.

घाबरू नका. परवान्याचा गांजा, औषधासाठीचा. मेलबर्नच्या बाहेर मोठं ग्रीनहाऊस आहे, तिथे मी आठवड्यातून तीन दिवस कामाला जातो.

सून म्हणाली होती, "बाबा, परवान्याचं पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर गावाहून फोन येतील." राहून गेलं. आता येतीलच फोन.

आज सुनीलला जाऊन एक वर्ष झालं. हार्ट अटॅक. वय सेहेचाळीस.

सुनील तिथला मुख्य ग्रोअर, म्हणजे झाडांचा डॉक्टरच. पुण्याहून शिकायला आला आणि इथलाच झाला. मी वेंगुर्ल्याकडचा, सातवी पास.

मुलाखतीत त्याने एकच प्रश्न विचारला. "काका, काथ्या ओळखता ना?"

म्हटलं, "अरे, नारळाची सोडणं सोलण्यात बालपण गेलं माझं."

"मग उद्यापासून या."

कारण तिथे झाडं मातीत नाहीत, काथ्याच्या भुशात लावतात. भुशाच्या सुक्या विटा येतात. त्या टबात भिजवून फुगवायच्या, धुवायच्या, मग कॅल्शियमच्या पाण्यात काही तास ठेवायच्या. हे काम माझं. एका टबातला भुसा एका रांगेला.

पहिल्या टबाचं कॅल्शियमचं पाणी वापरून झालं, तेव्हा बघितलं तर चांगलं टबभर उरलेलं. आमच्या विहिरीला मे महिन्यात तळ दिसायचा. पाणी ओतून टाकायला माझा हात धजत नाही.

तेच पाणी दुसऱ्या टबाला घातलं. मग तिसऱ्याला. मग चौथ्याला.

घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा, आज किती पाणी वाचवलं म्हणून!

महिन्याभरात झाडं बिघडली.

खालची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. वरच्या कोवळ्या पानांवर गंजासारखे ठिपके. सुनील मला दाखवायचा, मोठ्या उत्साहाने, जणू मी कॉलेजातच आहे.

"बघा काका, मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. म्हणून खालचं पान आधी जातं. कॅल्शियम मात्र त्याला असं हलवता येत नाही. म्हणून नवं पान बिघडतं. इथे दोन्ही दिसतंय. आणि मी दोन्ही देतोय! मग जातंय कुठे?"

त्याने खत वाढवलं. ठिपके वाढले. खत कमी केलं. आणखी पिवळी.

मॅनेजर ट्रेसी म्हणाली, मुळांचा रोग असणार, शुक्रवारी सगळा लॉट काढून टाका. नंतर कळलं, सुनीलच्या नोकरीवरही आलं होतं.

बुधवारी मी पाणी द्यायला उभा होतो आणि सहज रांगांकडे बघितलं.

पहिली रांग हिरवीगार. दुसरी जराशी पिवळी. तिसरी जास्त. चौथी बघवेना.

पहिला टब. दुसरा. तिसरा. चौथा.

एकीकडे वाटलं, सापडलं! दुसरीकडे वाटलं, मेलो. नोकरी जाणार, मुलाचं नाव खराब होणार. कायमचा व्हिसा आहे, तरी तोही जाणार असं वाटलं. डबा तसाच परत आणला. बायकोने विचारलं, तर पोट बरं नाही म्हणालो.

गुरुवारी सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "सुनील, मी चारही टबांना एकच पाणी घातलं."

"चारही?"

"हो."

"त्याच क्रमाने लावली झाडं?"

"हो रे. आता काय करायचं ते कर."

आणि हा माणूस ओरडला! "अहो काका! आधी का नाही बोललात! रोग नाहीये! भुसाच उपाशी आहे!"

मग समजावलं. भुसा आधी स्वतः कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतो आणि अंगातलं मीठ सोडतो. पहिल्या टबाने पाण्यातलं सगळं खाल्लं. बाकीच्या तिघांना उरलं खारट पाणी. मग झाडाला दिलेलं खत त्यांतला भुसाच खात बसला.

मी चौथ्या रांगेतला चिमूटभर भुसा जिभेवर ठेवला. खरंच खारट.

"थुंका काका! खत आहे त्यात! तुम्ही गेलात तर काकू मला सोडणार नाहीत!"

तो मला घेऊन थेट ट्रेसीच्या ऑफिसात गेला. मी वाटेत म्हटलं, "माझं नाव नको सांगू रे."

"सांगावं लागतं काका. इथे सगळं लिहून ठेवतात."

ट्रेसीने विचारलं, कोणी केलं हे?

सुनील म्हणाला, "माय फॉल्ट. काय करायचं ते मी काकांना सांगितलं. का करायचं, ते सांगितलं नाही."

मग तिने विचारलं, शोधलं कोणी?

त्याने माझ्याकडे बोट केलं. "ही डिड."

ट्रेसीने दोन आठवडे दिले. आम्ही कुंड्यांमधून कॅल्शियम-मॅग्नेशियमचं पाणी सोडत राहिलो, खालून निथळेपर्यंत, पुन्हा पुन्हा. या वेळी दर वेळी ताजं!

बाराव्या दिवशी दुपारी हाक आली. "काका, धावत या!"

चौथ्या रांगेत वर नवं पान. एकही ठिपका नाही. आम्ही दोघं इतके ओरडलो की कोणाला लागलं की काय म्हणून ट्रेसी पळत आली.

मी विचारलं, "खालची पिवळी कधी हिरवी होणार?"

"ती नाही होणार काका. गेलेलं पान परत येत नाही."

आता विटा भिजवायला नवीन कोणी आलं की मी आधी का ते सांगतो, मग काय ते. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये. परवा एक मुलगी म्हणाली, "अंकल, यू एक्सप्लेन सो वेल." मी म्हटलं, माझ्या सरांनी शिकवलं.

सुनील, तू माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान. आपल्यात मोठा माणूस लहानाच्या पाया पडत नाही.

मी पडतो.