शालीखालचे हात

ताईंना नाक जमत नसे. कॉलेजात चित्रकला शिकल्या, निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवली, पण माणूस काढला की तो कुणाचातरी सर्दी झालेला मामाच दिसायचा. हात मात्र असे काढत, की आता कप उचलतील असं वाटावं. त्यांच्या भावाच्या बायकोचं नेमकं उलटं. वहिनी चेहऱ्यात जीव ओतायची आणि हाताच्या जागी केळ्यांची फणी लटकवायची.

म्हणून मागच्या खोलीत, खिडकीपाशी, दोघी एकाच कॅनव्हासवर काम करू लागल्या. चेहरा वहिनीचा, हात आणि कपडे ताईंचे. नियम एकच: दुसरीच्या भागाला ब्रश लावायचा तर आधी तिला हाक मारायची. "ताई, तुमची कॉलर माझ्या हनुवटीला टोचतेय हो," अशी हाक आली की ताई येऊन कॉलर खाली घेत. कितीतरी चित्रं अशी झाली, भांडण एकही नाही.

मग दातांचे एक डॉक्टर आले. वारलेल्या आईचं चित्र दवाखान्यात लावायचं होतं. फोटो एकच, तोही गळ्यापर्यंतचा.

"हात कसे होते त्यांचे?" ताईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "शर्टांना काजं करायची. तर्जनी वाकली होती. त्याच बोटानं मला टिचकी मारायची. वाकड्या बोटाची टिचकी फार लागते हो!"

ताईंनी ओळखीच्या शिंपिणीला समोर बसवून काजं करायला लावली. चित्रात आले ते हात असे: मांडीवर शर्ट, वाकलेली तर्जनी, बोटाच्या टोकाला सुईचे टोचे. चित्र जवळजवळ झाल्यावर डॉक्टर बघायला आले ते थेट हातांपाशी वाकले. वर चेहऱ्याकडे नंतर पाहिलं. "हाही छान आहे," म्हणाले.

त्या दिवशी वहिनीचा चहा उतू गेला. दमली असेल बिचारी, असं ताईंना वाटलं. एका घरात राहून माणसं इतकी आंधळी असतात!

चित्र पोचवायच्या आधी ताई दोन दिवस मैत्रिणीकडे गेल्या. येताना घरी न जाता परस्पर दवाखान्यात आल्या, तर दारातच डॉक्टरांचा आवाज ऐकू आला.

"आईचे हात कुठे गेले?"

"ताईच म्हणाल्या, हात काही जमले नाहीत," वहिनी सांगत होती. "झाकून टाक म्हणाल्या."

चित्रात खांद्यापासून मांडीपर्यंत एक शाल पसरली होती. ना घडी ना चुणी, नुसतं पोतं.

"मी म्हणाले?" ताईंनी दारातूनच विचारलं.

वहिनीचा चेहरा उतरला. मग तीच फणकारली, "सगळे तुमचे हातच बघणार होते, ताई! माझ्या चेहऱ्याकडे कोण बघतंय?"

"मग मला सांगायचं होतंस. मीच हातांवरचा उजेड कमी केला असता. एक हाक मारायची होतीस गं."

ताईंनी शालीला नख लावून पाहिलं. रंग ओला होता, खालचे हात केव्हाच सुकलेले. वहिनीच्याच पिशवीतली टर्पेंटाइनची बाटली काढून, डॉक्टरांकडून कापूस घेऊन, दोन्ही त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"पूस. झाकलंस तू, उघडही तूच."

वहिनी पुसत गेली. आधी वाकडी तर्जनी बाहेर आली. डॉक्टर मटकन पेशंटच्या खुर्चीत बसले.

"बघा ना ताई, काहीसुद्धा बिघडलं नाही," वहिनी हळूच म्हणाली.

हात खरंच शाबूत होते. ताईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या वहिनीचा चेहरा न्याहाळत होत्या. रोज जेवायला समोर असणारा हा चेहरा आपण कधी नीट पाहिलाच नाही, हे त्यांना फार लागलं.

रात्री भावानं विचारलं, "आवडलं का गिऱ्हाइकाला?" "आवडलं," दोघी म्हणाल्या.

पुढच्या कामाचा चेहरा वहिनीनं पुरा केला आणि मागच्या खोलीतून हाक मारली, "ताई, या ना, तुमचे हात राहिलेत."

ताई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. आणखी एक हाक आली, जरा गोड.

"आता मारतेस होय हाक?" ताई स्वतःशीच म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.