केझियाकाकूंची तांब्याची कढई

हडसन नदीच्या आमच्या धक्क्यावर केझियाकाकू ब्रूअर पाव विकायच्या. नवरा युद्धात गेला, त्यानंतर भट्टीवरच त्यांचं पोट होतं. गाय घ्यायची म्हणून त्यांनी पै-पै करून एक पिंपभर तांब्याची नाणी साठवली होती. कशावर राजाचं तोंड, कशावर नांगर, कशावर घोडा. ज्याला जमेल तो नाणी पाडत होता.

सतराशे एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून बातमी आली, की खोटी नाणी फार झाली, तांब्याला आता कुणी विचारत नाही. दुसऱ्याच दिवशी गिरणीवाल्यानं काकूंना रिकाम्या हाती परत पाठवलं. गाय तर गेलीच, पण पिठाचेही वांधे झाले. तरी नावेवरचे हमाल तांबं घेऊन आले, की काकू पाव द्यायच्या. माझे वडील नाव चालवायचे. ते वैतागून म्हणाले, “वहिनी, पिंप भरतंय आणि पोट रिकामं होतंय तुमचं.”

“त्यांच्या खिशात दुसरं आहे काय? उपाशी माणसाला नाणं बदलून आण म्हणू?”

शेवटी त्यांनी पिंप गाडीत घातलं आणि जोथम तांबटाकडे नेलं. आधी तो हसला. मग म्हणाला, “तोंड कुणाचंही असो, वितळलं की तांबंच. काय करू याचं?”

काकूंनी क्षणभर विचार केला. त्या वर्षी बागांमधून सफरचंदांचा सडा पडला होता आणि विकत घ्यायला कुणाकडे पैसा नव्हता.

“कढई कर. मी आत बसेन एवढी.”

मजुरी म्हणून जोथमनं उरलेलं तांबं ठेवून घेतलं.

शेजारी सफरचंदं आणि लाकडं आणायचे, काकू दिवसभर ढवळायच्या. दाट, काळसर मुरंबा व्हायचा. निम्मा शेजाऱ्यांचा, निम्मा काकूंचा. गिरणीवालाही मडकं घेऊन आला आणि पीठ देऊन गेला. काकूंनी टोमणा मारला नाही. फक्त त्याचं मडकं सगळ्यात शेवटी भरलं. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या अंगणात गाय आली, तीही मुरंब्यावरच.

पुढे फिलाडेल्फियात सरकारी टांकसाळ निघाली. तिथलं कोरं तांब्याचं नाणं एका उतारूनं काकूंच्या हातावर ठेवलं. त्यावर पिंजारलेल्या केसांची बाई होती. काकूंनी ते उन्हात धरून पाहिलं.

“अगं बाई, घाईत निघालेली दिसते,” म्हणाल्या, आणि नाणं खिशात टाकून त्याला पाव दिला.